कोर्ट, कागद, स्टँप... तुमचे अनुभव लिहा

पंचगंगा_काठ:
काल कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरून येताना भाऊसिंगजी रोडवर उगाच गाडी थांबवली. जुन्या कोर्टात आता हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश इथंच बसून केसेस ऐकतात. 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, त्यानंतर मी तिथं थांबलोच नव्हतो. काळे कोट, चहाच्या गाड्यावर ही गर्दी.
आमचे अण्णा वाटणीच्या अपिलासाठी रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला जायचे. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोऱ्यानं बांधलेली फाईल. दिवसभर हायकोर्टात बसून त्याच गाडीनं परत. "बोर्डावर आलंच न्हाई", एवढंच सांगायचे, म्हणजे त्या दिवशीच्या यादीतली केस पुकारलीच नाही. भांडण सव्वा एकराचं. आई म्हणायची, तिकिटाच्या पैशात तेवढी जमीन आली असती. अण्णा 2011 ला गेले, निकाल 2014 ला आला.
घरचं, दुकानाचं, नोकरीचं, काहीही चालेल. लिहा.

फौंड्रीवाला:
चेक बाउन्स. कास्टिंगचे 3 लाख 40 हजार. पार्टी गोड बोलायची, मी दोन महिने गप्प. वकील म्हणाले बँकेचा चेक परतीचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाहिजे होती, आता चेक बाउन्सचं कलम 138 कसलं लावताय. पण चेकच्या तीन महिन्यांच्या मुदतीतले सहा दिवस शिल्लक होते. परत भरला, परत आपटला, नव्या मेमोवर नोटीस धाडली. नोटिशीचे पंधरा दिवस भरायच्या आत पैसे आरटीजीएसनं खात्यात!! दिवाळीला मिठाईपण पाठवली भावानं.

तांबडा_पांढरा:
मिठाई खाल्ली का?

फौंड्रीवाला:
कामगारांना वाटली 😄

बाई_शाळेतल्या:
भावानं जेवायला बोलावलं. जेवणाआधी दुय्यम निबंधक कार्यालय. हक्कसोडपत्र तयारच होतं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटा, वडील 2005 च्या कायदा दुरुस्तीआधी गेले असले तरी, हे सुप्रीम कोर्टानं 2020 ला सांगितलंय, मला तोंडपाठ आहे. तरी सही केली. कुणी हात धरला नव्हता. वहिनीनं इरकल दिली, अजून घडी मोडली नाही. दर गणपतीला माहेरी जाते. कुकर झाला, येते.

पंचगंगा_काठ:
बाई, आमच्या आत्यानं सही दिली नाही, ती घरी यायची बंद झाली. अण्णांची केस तीच.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
19 वर्षं मशीनवर. सोडताना साहेब म्हणाले ग्रॅच्युइटी मालकाच्या मर्जीवर असते. मर्जी कसली? बेसिक-डीए 13 हजार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 19. 1 लाख 42 हजार 500. मुलीनं मोबाईलवर काढून दिलं. लेबर ऑफिसच्या पाच फेऱ्या झाल्या, मग निघाले. व्याज सोडलं, कंटाळा आला.

चप्पल_लाईन:
मालकाचंपण ऐका की. कारागिराला 40 हजार उचल दिली, बहिणीचं लग्न म्हणाला. वहीत सही नाही, काही नाही. लग्न झालं, मी जेवूनपण आलो. दुसऱ्या दिवशीपासून गडी दुसऱ्याच्या दुकानात. मी कुठल्या कोर्टात जाऊ?

तांबडा_पांढरा:
जेवण कसं हुतं ते सांगा आधी

घरमालक_राजारामपुरी:
पोरांना फ्लॅट दिलेला, 11 महिन्यांचा करार, नोटरी करून मोकळा. सोडताना म्हणतात डिपॉझिट 50 हजार दिलं. घेतलं 20. वकिलांनी मलाच झापलं. आपल्याकडं भाडेकरार महिन्याचा असो की वर्षाचा, नोंदवायचाच, आणि ते काम घरमालकाचं. नोंद नसेल तर भाडेकरू सांगेल ते आधी धरतात, खोटं पाडायचं आपण. 35 वर तोडलं. पोरं हुशार होती, लॉ कॉलेजचीच.

फौंड्रीवाला:
😂😂 लॉ कॉलेजच्या पोरांना नोटरी??

उचगावकर:
विषय सोडून विचारतो. वारस नोंद टाकलीय, हरकत मागवायच्या 9 नंबरच्या नोटिसा गेल्या, पंधरा दिवस होऊन गेले, हरकत नाही, तरी सातबाऱ्यावर आजोबाच. नोंद मंजूर करणारे मंडळ अधिकारी कधी भेटतात?

बाई_शाळेतल्या:
सकाळी अकराच्या आत जा. आणि बहिणींची नावं घातलीयत ना अर्जात?

उचगावकर:
घातलीयत बाई. दोघींची.