मदत हवी आहे: लाँचचं डिझेल इंजिन उन्हाळाभर बंद ठेवायचंय, बेल्टचाही त्रास आहे

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. येलदरी धरणावर माझ्या काकांची मासेमारीची जुनी लाँच आहे. इंजिनासकट कोकणातून आणलेली, त्यामुळं इंजिनाची उमर खाऱ्या पाण्यात गेलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लाँच काठाला ओढून ठेवतो आणि धरणात पुन्हा पाणी येईपर्यंत सगळं बंद. यंदा काका म्हणायलेत, इंजिन उतरवून शेतातल्या पत्र्याच्या शेडात ठेवू.

नेटवर जे बघावं ते बर्फाच्या मुलखातलं. पाणी गोठून ब्लॉक तडकतो, म्हणून अँटीफ्रीझ घाला. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात काय गोठणार, बोला! आमच्याकडं ऊन, फुफाटा आणि नंतर पावसाळ्याची ओल. त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे बेल्ट. अल्टरनेटर आणि कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या आतल्या द्रवाचा) पंप एकाच व्ही-बेल्टवर आहे. सकाळी इंजिन चालू केलं की जरा वेळ किंचाळतो, मग गप्प. पुलीखाली काळी भुकटी पडते, बेल्टच्या बाजू चकचकीत झाल्यात. आमचा फिटर ट्रॅक्टरवाला, तो म्हणतो ताण अजून वाढवा. मला पटेना. जाणकारांनी सांगावं.

बंदरवाला:
पटत नाही तेच बरोबर आहे. स्टार्टर मारल्यावर बॅटरी उतरलेली असते, ती भरायला अल्टरनेटर जोर लावतो आणि बेल्ट घसरतो. म्हणून आवाज सकाळीच. बाजू चकचकीत झाल्या म्हणजे बेल्ट संपला, ताणून उपयोग नाही. उलट पंपाचं बेअरिंग जाईल. नवा टाकण्याआधी पुल्यांना सरळ पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत का बघा. भुकटी बहुतेक वाकड्या पुलीची नाहीतर गंजलेल्या खाचेची. खाच तारेच्या ब्रशनं घासा. नवा बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १० ते १२ मिमी दबला पाहिजे, आणि थोडे तास चालल्यावर पुन्हा ताण बघायचा, कारण सुरुवातीला तो सैल पडतोच. बेल्टला लावायचा चिकट स्प्रे मिळतो, त्याच्या नादी लागू नका.

आता इंजिन. ऑइल गरम असतानाच बदला आणि नव्या ऑइलवर थोडं चालवून मगच बंद करा. जुन्या ऑइलमधलं आम्ल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसलं तर खातं. बाहेरचं पाणी जिथून फिरतं तिथले ड्रेन प्लग उघडा, धरणाचा गाळ निघेल. बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, काढून ठेवा. एकाच जागी दाबून राहिला तर पाती वाकडी होतात. आणि किल्लीला चिठ्ठी बांधा: 'इम्पेलर काढलाय'. कुणीतरी उत्साहानं स्टार्ट मारतोच.

कूलंट मात्र काढू नका. गोठू नये म्हणून नव्हे, त्यात गंज रोखणारं रसायन असतं म्हणून. डिझेल टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत पावसाळ्यात आतून पाणी सुटतं. हवेचं आणि एक्झॉस्टचं तोंड बंद करा, पण अख्खं इंजिन ताडपत्रीत आवळू नका, आत घाम धरतो.

मळणीवाले दाजी:
पत्र्याचं शेड म्हणजे भट्टी हो. मळणी यंत्राचे बेल्ट तिथं ठेवून ठेवून कडक झालेले पाहिलेत. बेल्ट काढून घरात, अंधारात, सैल वेटोळं करून ठेवा. खिळ्याला टांगला की तिथंच मोडतो. डिझेलच्या डब्याशेजारी तर नकोच. आणि उंदरांचं बघा, वायरिंग आधी खातात.

पूर्णाकाठ:
दाजी, बंदरवाले, आभार. इंजिन आता घराच्या ओसरीत ठेवायचं ठरतंय, काकू तयार झाल्या तर. अजून एक: लाँचच्या तळाला गंज रोखायचे जस्ताचे ठोकळे आहेत, त्यांच्यावर पांढरा थर आलाय. घासून तेच ठेवावेत का?

बंदरवाला:
समुद्रात जस्त चालतं, गोड्या पाण्यात त्याच्यावर थर धरतो आणि ते काम बंद करतं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचे बसवा. लाँच काठावर आहे तोवरच हे उरकून घ्या.