सॉल्टेअरला आई-बाबांना न्यायचंय: काय दाखवू, जेवायला कुठे?

ओवी_लीड्स
नमस्कार मंडळी. आई-बाबा पुढच्या महिन्यात येताहेत. बाबांचं उभं आयुष्य मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या मागांवर) गेलं, म्हणून ब्रॅडफर्डजवळचं जुनं गिरणगाव सॉल्टेअर दाखवायचंच आहे. आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंही खात नाही. एका दिवसात काय काय होईल?

रानवाटा
गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच वेळ जातो. लीड्सहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि स्टेशन गिरणीला लागूनच आहे. निघण्याआधी गिरणीचे वार बघून घ्या, ती रोज उघडी नसते.

सूतगिरणी
ताई, बाबांना आधी गल्ल्यांतून फिरवा, गिरणी नंतर. गिरणीमालक टायटस सॉल्टने १८५३ मध्ये गिरणी सुरू केली आणि मग कामगारांसाठी आठशेच्या वर दगडी घरं बांधली. गल्ल्यांना बायकोमुलांची नावं दिली: कॅरोलाइन, फॅनी, हर्बर्ट. जॉर्ज स्ट्रीटवर उभं राहून छपरांची रेघ बघा. मधली घरं बुटकी, टोकाची उंच. ती उंच घरं मुकादमांची. माझे सासरेही गिरणीतलेच. मी काही सांगायच्या आतच ते म्हणाले, "हे जॉबरचं घर दिसतंय." त्यानंतर तासभर ते बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. सॉल्टला गल्लीत वाळत घातलेले कपडे खपत नसत, म्हणून त्याने सार्वजनिक धुलाईघर बांधलं. गावात दारूचा गुत्ताही होऊ दिला नाही. शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरं मात्र दिली. माणूस मोठा, पण कामगाराच्या घरातही त्याचाच शब्द चालायचा. बाबांना याबद्दल नक्की विचारा.

घरांत आजही लोक राहतात, खिडक्यांतून डोकावू नका.

रानवाटा
गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि आत ब्रॅडफर्डच्याच चित्रकार डेव्हिड हॉकनींची चित्रं लावली. तळमजल्यावर शिरताच लिलीच्या फुलांचा वास येतो. चित्रांत फारसा रस नसला तरी त्या लांबच लांब दालनातून एक फेरी माराच. लिफ्ट आहे.

अन्नपूर्णा_यूके
जेवण वरच्या 'सॉल्ट्स डायनर'मध्ये. बीडाचे खांब, मोठाल्या खिडक्या, मोकळी जागा. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण पास्ता, सॉस आणि केक यांत अंडं आहे का ते प्रत्येक वेळी विचारा. शनिवार-रविवारी बाराच्या आत टेबल धरा.

चहाला नदीपलीकडच्या रॉबर्ट्स पार्कातलं 'हाफ मून कॅफे'. व्हिक्टोरिया रोड नदीकडे उतरत जातो. आईंना सावकाश न्या, परतीला चढ आहे हे लक्षात असू द्या. उन्हाळ्यातल्या शनिवारी समोर क्रिकेट असलं तर बाबा तिथून उठायचे नाहीत. जवळच सॉल्टचा पुतळा आहे. चौथऱ्यावर अल्पाका (दक्षिण अमेरिकेतला लोकरी प्राणी) कोरलाय, त्याच्याच लोकरीवर सॉल्टने पैसा कमावला.

ओवी_लीड्स
किती छान लिहिलंत सगळ्यांनी! एकच विचारते, चालू साचे बघायला मिळतील का? बाबांचा पहिला प्रश्न तोच असेल.

सूतगिरणी
सॉल्टेअरला नाही, तिथे आता चित्रं आणि दुकानंच आहेत. त्यासाठी वेगळा दिवस काढून एकल्सहिलच्या 'ब्रॅडफर्ड इंडस्ट्रियल म्युझियम'मध्ये न्या. तीही जुनी गिरणीच, आणि आत जुनी यंत्रं आहेत. चालवून कधी दाखवतात ते आधी फोन करून विचारा आणि त्याच दिवशी जा. नुसते उभे साचे बघून बाबांचं मन भरणार नाही.