मदत हवी आहे : दाताच्या मुळावर इनॅमल का तयार होत नाही?

दंतविद्यार्थी, सोलापूर
परवा तोंडी परीक्षा आहे आणि मी एकाच मुद्द्यावर अडकलो आहे. हर्टविगचे रूट शीथ (वाढत्या मुळाला आकार देणारे पेशींचे आवरण) इनॅमल एपिथेलियमच्याच (इनॅमल घडवणाऱ्या पेशीथराच्याच) आतील आणि बाहेरील थरांपासून बनते, तर मग मुळावर इनॅमल का तयार होत नाही? सगळीकडे "नंतर शीथ तुटते" एवढेच उत्तर मिळते. स्लाइडमध्येही मला शीथ सापडत नाही. कृपया लवकर सांगावे.

हिस्टोप्रेमी
स्लाइड कोणती आहे? घडत असलेल्या दाताची की पूर्ण वाढलेल्या? ग्राउंड सेक्शन (दात घासून पातळ केलेला काप) असेल तर शोधू नका, कारण त्यात मऊ ऊती शिल्लकच राहत नाहीत.

दंतविद्यार्थी, सोलापूर
पूर्ण वाढलेला दात, डिकॅल्सिफाइड सेक्शन (खनिजे काढून घेतलेला काप).

हिस्टोप्रेमी
मग अखंड शीथ दिसणारच नाही. पेरिओडोन्टल लिगामेंटमध्ये (मूळ हाडाशी जोडणाऱ्या तंतूंमध्ये) सिमेंटमच्या (मुळावरील कठीण थराच्या) अगदी लगत गडद केंद्रकांच्या पेशींचे छोटे पुंजके पाहा. ते मॅलॅसेझचे अवशेष, म्हणजे तुटलेल्या शीथच्या उरलेल्या पेशी होत.

जुळे सोलापूरकर
मुलांच्या दातांबद्दल सांगतो. कायमचा दात हिरडीतून वर आल्यावर मूळ पूर्ण व्हायला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनल करताना टोक उघडे असते, हे विसरू नये.

दंतविद्यार्थी, सोलापूर
धन्यवाद, पण माझा प्रश्न इनॅमलचा आहे.

ओरल बायॉलॉजी, अंतिम वर्ष
मुकुटात (दाताच्या वरच्या, इनॅमल असलेल्या भागात) एपिथेलियमच्या आतील थराला स्ट्रॅटम इंटरमिडियम आणि स्टेलेट रेटिक्युलम या मधल्या पेशीथरांची साथ असते. रूट शीथमध्ये हे दोन्ही थर नसतात. त्यामुळे त्याच्या पेशी ठेंगण्याच राहतात, अमेलोब्लास्टसारख्या (इनॅमल बनवणाऱ्या पेशींसारख्या) उंच होत नाहीत. मात्र डेंटल पॅपिलाच्या (शीथच्या आतील मऊ ऊतीच्या) पेशींना ओडोन्टोब्लास्ट, म्हणजे डेंटिन (इनॅमल व सिमेंटमखालचा दाताचा मुख्य कठीण भाग) घालणाऱ्या पेशी, बनवण्याचे काम त्या करतात. स्लॅब धरला की सेंट्रिंग काढतात, तसे मुळाचे डेंटिन तयार झाले की शीथ तुटते. त्या फटींतून डेंटल फॉलिकलच्या (घडत्या दाताभोवतीच्या ऊतीच्या) पेशी डेंटिनला भिडतात, सिमेंटोब्लास्ट होतात आणि सिमेंटम घालतात.

हिस्टोप्रेमी
शीथच्याच काही पेशी सिमेंटोब्लास्ट होतात, असेही मत आहे. तेही सांगायला हवे.

ओरल बायॉलॉजी, अंतिम वर्ष
तो वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे तोंडी परीक्षेत फॉलिकलपासूनच सुरुवात करावी आणि विचारल्यावरच दुसरे मत मांडावे. इनॅमल न बनण्याबाबतचा खरा पुरावा इनॅमल पर्लचा (मुळावरील इनॅमलच्या मण्याचा) आहे. शीथचा एखादा तुकडा न तुटता डेंटिनला चिकटून राहिला, तर त्याच्या पेशी अमेलोब्लास्ट होऊन मुळावर इनॅमलचा मणी घालू शकतात, विशेषतः वरच्या दाढेच्या मुळांच्या दुभाजणीपाशी. म्हणजे इनॅमल बनवण्याची क्षमता त्या पेशींनी गमावलेली नसते. एरवी त्यांना तशी संधी मिळत नाही, एवढेच.

दंतविद्यार्थी, सोलापूर
हेच हवे होते. डेंटिन तयार होण्यापूर्वीच शीथ एखाद्या जागी तुटले, तर तिथे काय होते?

ओरल बायॉलॉजी, अंतिम वर्ष
तिथे ओडोन्टोब्लास्ट बनत नाहीत, डेंटिनमध्ये खिंड राहते आणि दाताच्या आतील लगद्यापासून (पल्प) लिगामेंटपर्यंत जाणारा अॅक्सेसरी कॅनल (जादा बारीक नलिका) तयार होतो.