ट्रेनिंग झालं, पण घरी जमेना
सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आला, डिस्चार्जच्या आधी सिस्टरने कूस बदलणं, नळीतून फीड सगळं दाखवलं, तेव्हा सोपं वाटलं हो, पण दर 2 तासांनी कूस बदलायला रात्री कोण उठणार? माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतोय.

— बोटाने दाबून बघा, पांढरा पडत नसेल तर बेडसोअरची (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते, लगेच डॉक्टरांना दाखवा. चोळू नका अजिबात.

— आम्ही कपाटावर कागद चिकटवलाय, डावी-पाठ-उजवी आणि वेळ, जो बदलेल त्याने टिक करायची. रात्रीची एक पाळी नवऱ्याला लावा की!

— फीडला डोकं 30-45 अंश वर, नंतरही अर्धा तास तसंच. आमच्याकडे सांभाळायला येणाऱ्या मावशी लगेच आडवं करायच्या, शेवटी समोर उभं राहून करून घेतलं.