मदत हवी आहे : रोस्तोव्ह वेलीकी – आईचे गुडघे सांभाळून काय काय बघता येईल?

मंडळी,

मेच्या अखेरीस आईला घेऊन रशियाला जातोय. भाची यारोस्लाव्हलला डॉक्टरकी शिकते, तिच्याकडेच उतरणार. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गबद्दल भरपूर वाचून झालंय. मला विचारायचंय ते यारोस्लाव्हलच्या अलीकडच्या रोस्तोव्ह वेलीकीबद्दल. मराठीत त्यावर फारसं काही हाती लागलं नाही.

मला जेवढं कळलंय ते आधी सांगतो, चुकत असेन तर कान धरा. जुन्या रशियन इतिवृत्तात या गावाचं नाव 862 सालच्या नोंदीत येतं, मॉस्कोचं थेट 1147मध्ये. गाव नेरो सरोवराच्या काठावर. फोटोत दिसणारं क्रेमलिन नावाला किल्ला. खरं तर इओना सिसोयेविच या मेट्रोपॉलिटनने, म्हणजे तिथल्या बड्या धर्मगुरूने, 1670 ते 1683च्या सुमारास उठवलेला स्वतःचा वाडा. बुरूज आहेत, तट आहे, पण सगळं थाटासाठी, लढाईसाठी नव्हे. 1788 साली धर्मपीठ यारोस्लाव्हलला हललं आणि वाड्याची रया गेली. 1883 साली तिथे संग्रहालय उघडलं, त्यामुळे तो टिकला.

आता अडचणी. आई सत्तरीपार. सपाटीवर माझ्यापुढे चालते, पण जिना दिसला की तोंड वाकडं. आणि इथली चर्चं तर वेशीच्या कमानींवर, वरच्या मजल्यावर, एकमेकांना तटावरच्या बंदिस्त सज्जांनी जोडलेली! मग तिने खाली बसून बघायचं काय?

शिवाय पेरेस्लाव्ल-झालेस्की. तेही सरोवराकाठचं, तेही जुनं. मेहुणा म्हणतो, "दोन्ही एका दिवसात होतंय की." मेहुण्याचं सगळंच होतं, धावपळ आमची होते.

आणि खाणं. आई माळकरी, अंडंही चालत नाही. भजनी मंडळात पेटी वाजवते, तेव्हा संगीतातलं काही असेल तर तेही सुचवा.

खिडकीपाशी :

आधी तिकीट नीट बघा. रशियात रोस्तोव्ह दोन. मोठं ते 'दोन' (डॉन) नावाच्या नदीवरचं, मॉस्कोच्या दक्षिणेला हजारेक किलोमीटरवर. तुमच्या गावचं स्टेशन 'रोस्तोव्ह-यारोस्लाव्स्की'. मॉस्कोहून गाड्या यारोस्लाव्स्की स्थानकावरून सुटतात. तुम्ही भाचीकडून निघणार, तर लोकलने तास-सव्वा तासाचं काम. स्टेशनपासून क्रेमलिन दीड-दोन किलोमीटर, आईंसाठी सरळ टॅक्सी करा.

आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, 2022पासून बंद आहेत. रोख डॉलर किंवा युरो न्या आणि बँकेत बदला.

उनाडटप्पू :

मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका. पेरेस्लाव्लला रेल्वे नाही, रोस्तोव्हहून साठ-पासष्ट किलोमीटर बसने जावं लागतं. बघायची ठिकाणंही विखुरलेली. 1152 साली सुरू झालेलं पांढऱ्या दगडाचं चर्च गावात, तर झार पीटर द ग्रेटची 'फोर्तुना' बोट काही किलोमीटरवरच्या वेस्कोवो गावात. तरुण पीटरने तिथल्या प्लेश्चेयेवो सरोवरात खेळातलं आरमार उभारलं होतं. 1783च्या आगीत बाकी सगळं जळालं, ही एक बोट राहिली. सिन-कामेन म्हणून एक पूजेचा धोंडा आहे, ओला झाला की निळसर दिसतो, तो भलत्याच काठाला. म्हणजे स्वतंत्र दिवस ठेवा, नाहीतर सोडा.

रोस्तोव्हमध्ये आईंना खालीही भरपूर आहे. वाड्याच्या मधल्या चौकात तळं आहे, त्याच्या काठी बसायचं. समोर होदिगित्रियाचं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या मेरीमातेचं, चर्च. त्याच्या भिंतींवर पैलू पाडलेले दगड बसवल्यासारखे वाटतात; जवळ गेलं की कळतं, भिंत सपाट आहे आणि सगळी रंगाची करामत आहे. चौकाला लागून, पण तटाच्या बाहेर, उस्पेन्स्की कॅथीड्रल. तिथे डोक्यावरून ओढणी किंवा पदर घ्यायला सांगा.

आता पेटीवाल्या आईंसाठी खास. कॅथीड्रलशेजारी घंटाघर आहे. इओनाने आधी दोन मोठ्या घंटा ओतवल्या, 1682ची 'लेबेद' म्हणजे हंस आणि 1683ची 'पोलिएलेयनी'. दोघींचे सूर आपल्या हिशोबाने प आणि ग. असं सांगतात, की ती जोडी त्याला उदास वाटली, म्हणून 1688 साली तिसरी ओतवली, तिचा सूर सा. वजन 2000 पूद, म्हणजे बत्तीसेक टन. तिला वडिलांचं नाव दिलं, 'सिसोय'. सा-ग-प जुळलं! रशियात घंटा हलत नाही, आतला लोळा दोरीने ओढतात. सिसोयचा लोळा ओढायला दोन माणसं लागतात. वर चढायच्या फंदात पडू नका, आवाज खालून चांगला भरतो. वादनाची वेळ त्या दिवशी तिकीट खिडकीवर विचारा आणि बाकीचं सगळं त्याभोवती बसवा.

सरोवर उथळ आणि गाळाचं, पोहायला वगैरे नाही. पण होडी चालू असेल तर जरूर बसा. ते घुमट एकत्र बघायचे तर पाण्यातूनच, आणि त्याला एकही पायरी नाही.

धागाकर्ता :

सा-ग-प वाचून दाखवलं, आई आता रोस्तोव्हलाच आधी जायचं म्हणतेय. पेरेस्लाव्ल रद्द, मेहुण्याला कळवलं. खाण्याचं कोणी सांगेल का? आणि भजनी मंडळाला काय आणावं?

खिडकीपाशी :

'पोस्तनोये' हा शब्द पाठ करा. उपासाचं, म्हणजे मांस-दूध-अंडी नसलेलं. मात्र त्यात कधीकधी मासा असतो, तेव्हा 'बेझ रीबी', म्हणजे मासा नको, हेही सांगा. ग्रेच्का (कुट्टूचे दाणे), बटाटे, मशरूम, आंबवलेली कोबी यावर निभतं. ब्लिनी (पातळ धिरडी) आणि सिर्निकी (पनीरसारख्या चीजच्या टिक्क्या) टाळा, दोन्हींत बहुधा अंडं असतं. भाचीकडून दशम्या बांधून न्या, तेच बरं.

भेटवस्तू म्हणजे फिनिफ्त. तांब्यावरची मिनाकारी, अठराव्या शतकापासून तिथे चालते, क्रेमलिनमध्ये तिचं दालनही आहे. आधी ते बघा, मग खरेदी करा. छापील चित्र चिकटवलेला स्वस्त माल आणि हाताने रंगवून भट्टीत भाजलेला माल यातला फरक लगेच कळेल.