मदत हवी आहे : जुन्या घराची कौलं परत घालावीत की पत्रा? खर्चाचा हिशेब जुळत नाही (जांबोटी-कणकुंबी भाग)

मलप्रभाकाठ :
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबी रस्त्याला गावचं घर आहे. भिंती मातीच्या, दीड फूट जाड, वर मंगळुरी कौलं. घर बाहेरून ३० बाय ४० फूट, चारी बाजूंनी दोन फूट वळचण. आढं उत्तर-दक्षिण, म्हणजे एक पाखं पूर्वेला, एक पश्चिमेला. वांदरांनी कौलं फोडलीत, पश्चिमेकडचे पाच-सहा वासे वाकलेत आणि तिथंच जास्त गळतं.

दोन अंदाज आलेत. एक : लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि रंगीत पत्रा, 'सगळं धरून' चौरस फुटाला २१० रुपये. दुसरा : लाकूड दुरुस्त करून तीच कौलं परत, फुटलेली नवी, 'साधारण दीड लाख'. कागदावर दोनच ओळी आहेत. कुठला अंदाज खरा मानायचा? आणि अजून काय विचारून घ्यायचं?

रीपवासा :
आधी एवढंच विचारा, की २१० रुपये कुठल्या चौरस फुटाला? जमिनीवरच्या की छपरावरच्या? बांधकाम ३० बाय ४०, म्हणजे १२०० चौरस फूट. पण वळचण धरून छप्पर ३४ बाय ४४, ते झाले १४९६. त्यात छपराला उतार आहे. फुटाला सात इंच उठाव, म्हणजे ३० अंशांचा उतार असेल तर १.१५५ नं गुणायचं. आले सुमारे १७२८ चौरस फूट.

आता बघा. २१० गुणिले १२०० म्हणजे २ लाख ५२ हजार. २१० गुणिले १७२८ म्हणजे ३ लाख ६२ हजार ८८०. दर तोच, फरक १ लाख १० हजारांचा. काम संपताना वाद होतो तो इथंच. उताराचं माप दोघांनी मिळून टेपनं घ्या, आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत, आणि तो आकडा करारात लिहून घ्या. कोणी ब्रासनं बोलत असेल तर छपराच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

पत्र्याची खरेदी याहून थोडी जास्त निघते, कारण कडा एकमेकांवर चढतात. १०७० मिलिमीटर रुंदीचा पत्रा झाकतो साधारण १००० मिलिमीटर. तुमच्या ४४ फुटांना एका पाख्याला १४, दोन्ही मिळून २८ पत्रे लागतील. पाख्याची लांबी साडेएकोणीस फुटांच्या वर आहे, तेव्हा २० फुटी अखंड पत्रे कापून मागवा. मध्ये जोडच राहत नाही. एवढ्या लांबीची गाडी गल्लीत वळते का ते मात्र आधी बघा.

चिऱ्याची_भिंत :
वरचं माप बरोबर आहे. पण मला काळजी कौलांची किंवा पत्र्याची नाही, खालच्या भिंतीची आहे. मंगळुरी कौल अडीच ते तीन किलोचं. तुमच्या छपराला अंदाजे २४०० कौलं बसतात, म्हणजे कोरडं वजनच सहा-सात टन. पत्रा सगळा मिळून पाऊण टनाच्या आसपास. इतकं ओझं उतरलं की भिंतीला बरं वाटेल असं लोक धरून चालतात. पण कौलारू छप्पर वाऱ्यात जागेवर बसून राहतं ते त्याच वजनानं. पत्र्याला वारा खालून उचलतो. कैच्या नुसत्या मातीच्या भिंतीवर टेकवून भोवती सिमेंट भरलं तर अख्खं छप्पर वर येऊ शकतं.

म्हणून पत्रा घालायचा असेल तर भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा हवा, सहा इंच तरी जाड, चार सळ्या आणि रिंगा घातलेला. तो पट्टा १२ मिलिमीटरच्या सळईनं भिंतीत तीन फूट खाली, आडव्या पट्टीला अडकवून बांधायचा. कैचीची पट्टी बोल्टनं या काँक्रीटला. दर देणाऱ्याच्या 'सगळं धरून'मध्ये हा पट्टा बहुतेक वेळा नसतो. वेगळी ओळ लिहायला लावा. लोखंडही किलोत लिहून घ्या : कैच्या किती, पाइपची जाडी किती, एकूण वजन किती. 'चांगला पाइप घालतो' हे माप नव्हे.

मलप्रभाकाठ :
धन्यवाद. मग लाकूड ठेवता येईल का ते कसं ओळखायचं? आणि थंड देशांतल्या व्हिडिओत छपराखाली चिकटणारा थर घालायला सांगतात, तो इथं घालावा का?

रीपवासा :
तो थर बर्फासाठी असतो. घरातल्या उबेनं छपरावरचा बर्फ वितळतो, ते पाणी थंड वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं, त्याचा बांध तयार होतो आणि मागं तुंबलेलं पाणी उलटं वर चढून आत शिरतं. म्हणून तिकडं वळचणीच्या पट्ट्यात चिकट थर घालतात, आणि साचलेल्या बर्फाचं वजन धरून वासे जाड लावतात. तिकडच्या अंदाजातला मोठा खर्च त्या दोन गोष्टींत जातो. आपल्याकडं प्रश्न बर्फाच्या वजनाचा नाही, वाऱ्याच्या झोताचा आहे. पश्चिमेचा वारा पाऊस कौलाच्या सांध्यातून वर ढकलतो. तुमचं पश्चिमेचं पाखं जास्त गळतं ते त्यामुळंच.

कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा असेल तर एक चूक टाळा. कागद वाशांवर पसरून त्यावर थेट आडव्या रीपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) ठोकल्या, की आत आलेलं पाणी प्रत्येक रीपेमागं अडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत रीप कुजते. कागदावर आधी वाशांच्या लांबीनं अर्ध्या इंचाच्या उभ्या पट्ट्या ठोका, त्यावर आडव्या रीपा. मग पाणी पट्ट्यांच्या मधून सरळ वळचणीला उतरतं. पट्ट्यांचा खर्च किरकोळ, पण सुताराला आधी सांगितलं नाही तर तो त्या घालणार नाही.

लाकूड बघायचं ते भिंतीत घुसलेल्या टोकांना. पेचकस घेऊन टोकाशी दाबा. पाव इंचाहून जास्त सहज आत गेला तर तो वासा गेला. मधला भाग खणखणीत दिसतो आणि टोक पोकळ असतं, हे नेहमीचं. खाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा आहे, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. वाकलेला वासा कुजका असेलच असं नाही, पण परत त्याच जागी घालू नका. त्यानं कौलांची ओळ बसते आणि सांधा उघडतो.

खणखणीत_कौल :
कौलांबद्दल. उतरवताना तीन ढीग करा : ठेवायची, फुटलेली, शंकेची. शंकेचं कौल हातात लोंबतं धरून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणलं तर चांगलं, भद्द वाजलं तर चीर आहे. तरी शंका राहिली तर उलटं ठेवून खाचेत पाणी भरा, रात्रभर ठेवा. खालून नुसता ओलावा आला तर चालेल, थेंब सुटले तर बाद. शेवाळ ताठ ब्रशनं घासून काढा, तारेच्या ब्रशनं नको, वरची भाजलेली साय निघते.

नवी कौलं घेताना जुनं एक बरोबर न्या. कारखान्यागणिक खाच बदलते, आणि वेगळ्या साच्याचं कौल जुन्याशेजारी बसत नाही. अशी निघाली तर नवी सगळी पूर्वेच्या पाख्यावर आणि जुनी सगळी पश्चिमेला, किंवा उलट, पण एका पाख्यात मिसळू नका. रीपेचं अंतर ४१० मिलिमीटर लांबीच्या कौलाला साधारण ३२० मिलिमीटर. हे पुस्तकातलं माप झालं, तुमच्या कौलांच्या दोन ओळी जमिनीवर लावून खरं माप काढा. २४०० बसणार असतील तर हाताशी २६०० ठेवा, आणि कोने, म्हणजे आढ्यावर बसणारी कौलं, ४५.

दीड लाखाच्या कागदात या ओळी मागा : किती नवी कौलं, किती वासे, किती रनिंग फूट रीप, कोने बसवायचा माल, जुनं उतरवायची मजुरी, फुटलेल्याचा राडारोडा कोण नेणार. त्याशिवाय तो आकडा कशाचाच नाही.

चिऱ्याची_भिंत :
पत्र्याकडंच कल असेल तर चार गोष्टी. ०.५० मिलिमीटर म्हणून विकलेल्या पत्र्यात रंग आणि लेप धरलेला असतो, आतलं पोलाद ०.४५च्या आसपास. म्हणून बिलावर दोन्ही आकडे आणि लेपाचं वजन, एझेड १५० (जस्त-ॲल्युमिनियमचा लेप, चौरस मीटरला १५० ग्रॅम), लिहून घ्या. आपल्या पावसात त्याहून हलका लेप घेऊ नये. पत्रे उत्तरेकडून लावायला सुरू करा म्हणजे चढलेल्या कडांची फट नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पाठ करते. स्क्रू पत्र्याच्या उंच नळीवर, म्हणजे वर आलेल्या घडीवर मारा, खालच्या सपाटीत नको. रबरी वॉशर किंचित फुगला की थांबायचं. चेपून चपटा केला तर दोन उन्हाळ्यांत चिरतो आणि तिथूनच गळतं. वळचण, आढं आणि कडेला प्रत्येक नळीवर स्क्रू, मध्ये एक सोडून एक. आणि रोज संध्याकाळी पत्र्यावरचा लोखंडाचा बारीक चुरा झाडून काढायला लावा. रात्रीच्या दवात तो गंजतो आणि रंगाला खड्डे पाडतो.

पक्क्या बिलात पत्रा आणि लोखंडावर १८ टक्के जीएसटी लागतो. २१० मध्ये तो आहे की वर, हे विचारा.

मलप्रभाकाठ :
पेचकसाची तपासणी केली. पश्चिमेचे ११ वासे टोकाला मऊ लागले, पूर्वेचे दोनच. भिंतीचा माथा चांगला आहे. वांदरांचा त्रास सोडला तर मन कौलांकडंच आहे.

खणखणीत_कौल :
मग पश्चिमेचं पाखं पूर्ण उघडा आणि तिथले सगळे वासे बदला, ११ नाही. सगळे एका वयाचे आहेत. भिंतीत जाणाऱ्या टोकांना वाळवीचं औषध दोनदा पाजून, भिंतीपासून बोटभर मोकळी जागा ठेवून बसवा. पूर्वेचे दोन तेवढे बदला. वांदरांची वाट झाडावरून येते. छपरावर आलेल्या फांद्या छपरापासून दहा फूट लांब राहतील अशा छाटा, आणि ५० कौलं राखीव घेऊन ठेवा.

काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत आटपा. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो दुपारी तासाभरात, आणि उघड्या मातीच्या भिंतीवर एकदा पाणी मुरलं की माथा ढासळतो. एका वेळी एकच पाखं उघडा, त्यातही दहा-बारा फुटांचा तुकडा, आणि त्या मापाची ताडपत्री दोरीसकट आढ्यावर आधीच गुंडाळून बांधलेली असू द्या.