तास फक्त विमान हलल्यापासूनचे मोजतात

एकांनी लिहिलंय की पायलटला वर्षाला १००० तासांची मर्यादा, म्हणजे महिन्याला ८०-८५ तास काम आणि बाकी आराम. अहो, ते तास फक्त विमान जागचं हललं की परत थांबेपर्यंतचे. माझा धाकटा भाऊ को-पायलट आहे, घरात रोज बघते मी. साडेपाचचं फ्लाइट असलं की अडीचला गजर, तीनला खाली कॅब उभी, पोचल्यावर ब्रेथ अॅनालायझरमध्ये फुंकायचं (तो माउथवॉशसुद्धा वापरत नाही, अल्कोहोल असतं त्यात), मग हवामान, इंधन, नोटॅम (विमानतळ आणि हवाई मार्गांबद्दल पायलटना दिलेल्या सूचना) बघायचे आणि पुढे चार सेक्टर, म्हणजे एकामागून एक चार उड्डाणं. दुपारी घरी येऊन जाड पडदे ओढून झोपतो, आई तोवर कुकर लावत नाही.

पगार चांगलाय, नाही कशाला म्हणू. पण सीपीएलचे, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसनसाठीचे २०० तास उड्डाण, वर टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवायचं वेगळं प्रशिक्षण), त्याचं कर्ज अजून फिटतंय आणि दरवर्षीच्या मेडिकलला काही निघालं तर लायसन लटकलं, त्या आठवड्यात तो धड बोलत पण नाही.

डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, पायलटची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली ना जुलै २०२५ पासून, त्यासाठी पायलट संघटनांना दिल्ली हायकोर्टात जावं लागलं होतं. कुणी लाड म्हणून दिलेली नाही ती सुट्टी. रात्री १८० माणसं घेऊन उतरणाऱ्याची झोप झालेली असावी एवढंच मागत होते ते.